निळी गाडी पळाली नव्हती

बान थुंगकेव गावाहून तालुक्याच्या बाजारात जायला वडापच्या तीन गाड्या होत्या, पण भाजीवाल्या बायका थांबायच्या त्या सेंगलाच्याच निळ्या गाडीसाठी. मागे समोरासमोर दोन बाकडी, वर पत्र्याचं छत, टोपल्या बांधायला कडेने नायलॉनच्या दोऱ्या. अशा गाडीला तिकडे सोंगथेव म्हणतात. सेंगला चोपन्न वर्षांची, बुटकी, अंगात कायम निळीत रंगवलेला ढगळ सदरा. पाठीमागे एक जाड उशी घेतल्याशिवाय तिचा पाय क्लचपर्यंत पुरायचा नाही. ‘मावशी, एक मिनिट!’ अशी गल्लीतून हाक आली की ती खिडकीतून ओरडायची, ‘मिनिटं घरी घालवायची, इथे नाही!’ ओरडताना तिचा पाय ब्रेकवर असायचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी ती सतराव्या वर्षी शिकली, बापाच्या ट्रकवर. बाप तंबाखूची पानं भट्टीवर पोचवायचा. एकदा तापाने त्याला आडवं पाडलं आणि अंगणात पानं काळी पडायला लागली, तेव्हा सेंगला कुणाला न विचारता ट्रकमध्ये चढली आणि माल पोचवून आली. बापाने मनसोक्त शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून किल्ली तिच्याच हातात दिली. पुढे भट्ट्या बंद पडल्या, ट्रक भंगारात गेला. मग तिने एक जुनी पिकअप घेऊन तिच्यावर बाकडी ठोकून घेतली. त्याला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षांत तिच्या चाकाखाली फक्त एक बदक आलं होतं, आणि तेही तिचा नवरा इन्सोन याचंच.

तिच्या एका खोडीवरून बाकीचे ड्रायव्हर तिची चेष्टा करायचे. सक्तीचा विमा सगळेच काढायचे, कारण त्याशिवाय गाडीला परवाना मिळत नाही. सेंगला त्यावर आपखुशीचा मोठा विमाही काढायची, दर वर्षी, न चुकता. कंपनीच्या फोन नंबराचं स्टिकर तिने स्टेअरिंगच्या वर, बुद्धाच्या छोट्या तसबिरीशेजारी चिकटवलं होतं.

‘ताई, त्या कंपनीवाल्याच्या पोराचं लग्न तुझ्याच जिवावर झालं असणार,’ असं बुन्सोम म्हणायचा. बुन्सोम म्हणजे दुसऱ्या वडापचा ड्रायव्हर.

‘तुला बोलावलं नाही ना लग्नाला? मग गप्प बस,’ सेंगला म्हणायची.

डिसेंबरातली सकाळ होती, आठ वाजून गेले होते. गाडीत नऊ जण होते, सात भाजीवाल्या, एक निवृत्त मास्तर आणि गावची आरोग्यसेविका बुआफान. हमरस्त्यावर सेंगलाच्या पुढे डाव्या कडेने एक लाल मोटारसायकल चालली होती. ती चालवणाऱ्या उन्रुआनला सेंगला पाठमोरीही ओळखायची. शाळेत पोरांचं जेवण रांधणारी बाई ती, सीटमागे चिकट भाताचे मोठे डबे बांधलेले. डावीकडून कालव्याचा रस्ता येऊन हमरस्त्याला मिळतो, त्या तिठ्यावर एक पांढरी पिकअप न थांबता सरळ बाहेर आली. उन्हाची तिरीप तिच्या काचेवर लखलखली. पुढच्या क्षणी लाल मोटारसायकल आडवी होऊन घसरत सेंगलाच्या समोर आली.

सेंगलाने ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. मागे टोपल्या कोसळल्या, बायका किंचाळल्या. गाडी थांबली, पण थांबता थांबता तिच्या डाव्या बंपरचा कोपरा पडलेल्या मोटारसायकलीला घासून गेला. उन्रुआन त्याच्याही पलीकडे, चार हातांवर पडली होती. डोळे मिटलेले, मांडीतून रक्त वाहतंय.

पांढऱ्या पिकअपमधून तिशीतला एक माणूस उतरला. वीरायुत त्याचं नाव, रस्त्याचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तो मुकादम होता. फोन कानाला लावून तो जागच्या जागी येरझारा घालत होता. सेंगलाने स्टिकरवरचा नंबर लावला आणि फोन खांद्याने कानाशी दाबत उन्रुआनजवळ धावली. बुआफान आधीच तिथे पोचली होती. तिने कमरेचं लुगडं सोडून मांडीवर आवळलं होतं आणि ती खालच्या परकरावर गुडघे टेकून बसली होती. लाजायला वेळ कुणाला होता!

‘ॲम्ब्युलन्स?’ सेंगलाने विचारलं.

‘विचारलं मी,’ मास्तर म्हणाले. ‘बचावदलाची गाडी डोंगरातल्या गावी गेलीय. यायला पाऊण तास.’

‘पाऊण तास हिच्याकडे नाही,’ बुआफान म्हणाली. तिने मान वर केली नाही.

फोनवर विमा कंपनीतली मुलगी गोड आवाजात सांगत होती, कृपया घटनास्थळ सोडू नका, आमचे सर्व्हेअर पंचवीस मिनिटांत पोचतील.

‘पंचवीस मिनिटांनी ते काय बघणार, मढं?’ सेंगला म्हणाली आणि फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. ‘फळी काढा गं बाकड्याची! पोरींनो, टोपल्या खाली!’

कोबी, मेथीसारखी पालेभाजी, मिरच्या, सगळं रस्त्याच्या कडेला ओतलं गेलं. बाकड्याच्या फळीवर उन्रुआनला घेतलं, नऊ जणांनी उचललं आणि नऊही जण तिच्याभोवती गाडीत चढले. कुणी डोकं धरलं, कुणी पाय. सेंगला ड्रायव्हरच्या दाराशी क्षणभर थांबली आणि वीरायुतला ओरडून काहीतरी म्हणाली. तो मान डोलावत होता. मग तिने गाडी अशी सोडली की मास्तर पुढे आठवडाभर आपली पाठ चोळत होते.

हॉस्पिटलात उन्रुआनला आत घेतलं. सेंगलाने खिडकीवरच्या वहीत आपलं नाव, गाव आणि गाडीचा नंबर लिहिला आणि बाकावर बसून राहिली. उन्रुआनची एक चप्पल तिच्या मांडीवर होती. दुसरी कुठे गेली ते कळत नव्हतं. साडेदहाला डॉक्टर बाहेर आले. पाय तीन ठिकाणी मोडलाय, म्हणाले, डोक्यालाही मार आहे, पण बाई वाचेल. ‘अजून अर्धा तास रक्त गेलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो.’ बुआफान तिथेच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.

अकराच्या सुमाराला पोलीस आले. पुढे एक तरुण अधिकारी होती, दारुनी. बँकॉकहून बदली होऊन तिला दोनच महिने झाले होते. तिला बघून सेंगला उठलीच. ‘आलात? बरं झालं. किती वेळ लावलात हो!’

‘निळी सोंगथेव तुमची?’ दारुनीने विचारलं. ‘लायसन द्या. किल्लीही द्या.’

‘किल्ली कशाला?’

‘अपघात करून तुम्ही जागेवरून निघून गेलात अशी तक्रार आहे, मावशी.’

सेंगलाला आधी हसूच आलं. मग तिने दारुनीचा चेहरा पाहिला आणि हसू ओसरलं.

वीरायुतने जबाब दिला होता तो असा. मी कालव्याच्या रस्त्यावर थांबून वाट बघत होतो. निळ्या गाडीने मोटारसायकलला मागून उडवलं. मी ‘थांबा, पोलीस येऊ द्या’ म्हणालो, पण बाईने जखमीला गाडीत टाकलं आणि गेली. मी एकटाच मागे थांबलो. पोलीस पोचले तेव्हा त्याची पिकअप खरोखरच कालव्याच्या रस्त्यात, पांढऱ्या पट्ट्याच्या आत शहाण्यासारखी उभी होती. मोटारसायकलवर निळ्या रंगाचा ओरखडा होता. आणि निळी गाडी जागेवर नव्हती.

‘पण बाईला घेऊन मी हॉस्पिटलात आले! पळून कुणी हॉस्पिटलात येतं का?’

‘जखमीला मदत केलीत, ते मी लिहिलंय,’ दारुनी म्हणाली. ती कठोर नव्हती, पण मऊही नव्हती. ‘पण कायद्यात तीन गोष्टी आहेत. थांबायचं, मदत करायची आणि जवळच्या पोलिसांना लगेच कळवायचं. तुम्ही कळवलं नाहीत. सव्वाआठ ते अकरा, जवळजवळ तीन तास. जो न कळवता निघून जातो, चूक त्याचीच असं कायदा धरून चालतो. आपली चूक नव्हती हे मग त्यानेच दाखवायचं.’

‘मी त्या पोराला सांगितलं होतं कळवायला!’

‘तो नाही म्हणतो.’

‘आणि आमच्या गाडीतले नऊ जण?’

‘त्यांचे जबाब घेईन. पण नऊही तुमच्याच गावचे, तुमच्याच गाडीतले. समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलेल.’

गाडी ठाण्याच्या आवारात गेली. त्याच दिवशी तालुक्यात बातमी पसरली की बान थुंगकेवची सेंगला उडवून पळाली. बाजारात तिच्यामागे कुजबुज व्हायला लागली. उन्रुआनला शुद्ध आली खरी, पण त्या सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. चूल पेटवली इथपर्यंतच आठवायचं. शाळेतल्या पोरांच्या आया विचारायच्या, तुला कुणी उडवलं गं? ती म्हणायची, लोक म्हणतात निळ्या गाडीने.

आठवड्याने विमा कंपनीचा सर्व्हेअर विचित घरी आला. मोटारसायकलवरून दिवसभर अपघात बघत हिंडणारा, उन्हाने रापलेला साधा माणूस. इन्सोनने त्याच्यापुढे चिकट भात आणि भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. विचितने जेवणाला हात लावण्याआधीच विषय काढला.

‘मावशी, सरळ सांगतो. समोरच्यांचा माणूस आम्हाला भेटून गेला. तुम्ही चूक कबूल केल्याची सही करा. उन्रुआनबाईंचं सगळं आमची कंपनी बघेल, पॉलिसी आहेच. समोरच्यांच्या पिकअपच्या बंपरचंही आम्ही देऊ. बाई धडधाकट होतायत, तुम्ही कबूल केलंत तर कोर्ट सौम्य वागेल. बहुतेक तुरुंग नाही.’

इन्सोनचे डोळे चमकले. गेला आठवडाभर तो झोपला नव्हता. बांबू सोलता सोलता दोनदा त्याने बोट कापून घेतलं होतं. ‘कर गं सही,’ तो म्हणाला. ‘आपल्या खिशातून काही जात नाही. मिटून जाईल. नाहीतर गाडी त्या आवारात गंजून जाईल, आणि तुला आत टाकलं तर मी काय करू?’

‘पैसे कंपनीचे जातील,’ सेंगला म्हणाली, ‘पण सही माझी जाईल. उद्या गल्लीत हॉर्न दिला तर बायका कुणाच्या गाडीत चढतील? पळून गेलेल्या बाईच्या?’

‘आणि सही नाही केली तर आमचीही पंचाईत आहे,’ विचित खाली बघत म्हणाला. ‘आमच्याकडे तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग आहे. जागा सोडू नका असं तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तरी तुम्ही सोडलीत. वरचे साहेब म्हणतात, अटी मोडल्या. तुमच्या गाडीची दुरुस्ती, कोर्टाचा खर्च, वकील, यातलं काहीच कंपनी देणार नाही. दुसऱ्याला द्यावं लागलेलंही पुढे तुमच्याकडून मागू शकते.’

 भाताचा घास सेंगलाच्या बोटांत तसाच गोळा होऊन राहिला होता.

‘किती वेळाचं आहे ते रेकॉर्डिंग?’ तिने विचारलं.

‘म्हणजे?’

‘तुमची ती मुलगी मला थांबा म्हणाली. मग पुढे काय आहे?’

‘पुढे... मी तेवढाच कागद वाचलाय. बँकॉकहून त्यांनी दोन ओळी लिहून पाठवल्या.’

‘विचित, मी फोन ठेवला नव्हता.’ सेंगलाचा आवाज बदलला. ‘ठेवायला हात मोकळा कुठे होता? चालूच खिशात टाकला. हॉस्पिटलात काढला तेव्हा बंद झाला होता, पण कधी झाला ते मला ठाऊक नाही. तुमची मुलगी ऐकत बसली असेल तर त्या पोराचा आवाज त्यात आहे. मी त्याला जे ओरडून सांगितलं ते त्यात आहे. तुम्ही मला दोन ओळींनी पकडताय ना? मग सगळं ऐका. आणि पोलिसांनाही ऐकवा.’

विचितने ठेच्याची वाटी जवळ ओढली, एक घास खाल्ला आणि मान डोलावली. ‘पोलिसांचं पत्र लागेल. पत्राशिवाय कंपनी रेकॉर्डिंग देत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणं उघडायच्या आधी सेंगला दारात बसली होती. दारुनीने ऐकून घेतलं आणि पत्र लिहून दिलं. ‘मला कुणाचीही बाजू घ्यायची नाही, मावशी. पण असा पुरावा असेल तर तो बघायलाच हवा.’

मग वाट बघणं आलं. तीन आठवडे गेले. बँकॉकच्या कचेरीतून पत्राला पत्र आलं, त्या पत्राला पुन्हा पत्र गेलं. सेंगला ठाण्याच्या कुंपणाबाहेरून आपली गाडी बघून यायची. टपावर सागाची वाळलेली पानं साठली होती, डावीकडच्या चाकातली हवा उतरली होती. एकदा तिने हवालदाराला विचारलं, ‘तेवढी काच पुसू का?’ हवालदार म्हणाला, ‘मुद्देमालाला हात लावता येत नाही, मावशी.’

‘अरे, ती माझी गाडी आहे!’

‘सध्या ती पुरावा आहे.’

या मधल्या काळात विचितने न सांगता एक काम केलं. थांबलेल्या पिकअपच्या बंपरचे पैसे समोरचे कशाला मागतायत, हे त्याला खटकलं होतं. त्याचा सगळा दिवस गॅरेजांतच जायचा. कुठल्या गॅरेजात पांढऱ्या पिकअपचा पुढचा बंपर बदलला, हे शोधायला त्याला चार दिवस पुरले. अपघात झाला त्याच दिवशी दुपारी बदललेला. जुना बंपर गॅरेजवाल्याने मागे कुंपणाला टेकवून ठेवला होता, कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. त्याच्या डाव्या टोकावर लाल रंगाचे पट्टे होते. विचितने हात न लावता फोटो काढले आणि ते थेट दारुनीकडे नेले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दारुनीने दोन्ही बाजूंना एकत्र बोलावलं. सकाळी ठाण्यासमोर एक गाडी येऊन थांबली, ती बुन्सोमची. त्यातून सात भाजीवाल्या, मास्तर आणि बुआफान उतरले. सगळ्यांनी सणासुदीचे कपडे घातले होते.

‘तू कसा काय?’ सेंगलाने बुन्सोमला विचारलं.

‘आज भाडं घेतलं नाही,’ बुन्सोम म्हणाला. ‘आणि ताई, ते लग्नाचं मी जे बोलायचो ना, ते विसर. मागच्या आठवड्यात मीही मोठा विमा काढलाय.’

ठाण्यातली खोली लहान होती. नऊ जण भिंतीला टेकून उभे राहिले. वीरायुत कंत्राटदाराच्या वकिलासोबत आला होता, इस्त्रीचा शर्ट, हातात कोऱ्या कागदांची फाइल. वकील हसून म्हणाला, ‘एवढी गर्दी कशाला? आमचा प्रस्ताव अजून खुला आहे. बाईंनी सही केली तर आपण सगळे जेवायला घरी.’

‘आधी ऐकू या,’ दारुनी म्हणाली आणि तिने टेबलावरचं यंत्र सुरू केलं.

पहिल्यांदा ती गोड मुलगी ऐकू आली. घटनास्थळ सोडू नका. मग सेंगलाचा आवाज, मढं बघणार का. वकील किंचित हसला. मग खरखर झाली, कापडात कापड घासल्यासारखी, आणि आवाज दुरून आल्यासारखे पण स्पष्ट ऐकू यायला लागले.

‘पाय धरा, गुडघ्याखाली धरा!’ हा बुआफानचा.

‘माझ्या लक्षातच आली नाही हो मावशी,’ एक तरुण आवाज म्हणत होता, घाबरलेला, धापा टाकणारा. ‘समोरून एकदम ऊन आलं. मला वाटलं रस्ता रिकामा आहे. ती एकदम... मी थांबायला हवं होतं...’

‘ते नंतर! पोलिसांना फोन लावलास का?’

‘लावतोय, लावतोय.’

‘त्यांना सांग, बाईला घेऊन सेंगला हॉस्पिटलात गेली. नंबर सांग त्यांना. तीन शून्य सहा सात. काय सांगशील?’

‘तीन शून्य सहा सात. हो मावशी. सांगतो. जा तुम्ही, लवकर जा.’

मग दार आपटल्याचा आवाज, इंजिन, आणि या सगळ्यात विमा कंपनीतली मुलगी बारीक आवाजात विनवत होती, ‘हॅलो? मॅडम? कृपया जागा सोडू नका... मॅडम? त्या बाई श्वास घेतायत का?’

दारुनीने यंत्र बंद केलं. भिंतीशी उभ्या असलेल्या भाजीवाल्यांपैकी एकीने तोंडावर हात घेतला. वकिलाने फाइल मिटली. त्याने वीरायुतकडे पाहिलंही नाही. दारुनीने शांतपणे बंपरचे फोटो टेबलावर मांडले.

‘तुमची पिकअप थांबलेली होती ना?’ तिने विचारलं. ‘मग हा लाल रंग कुठून आला?’

वीरायुतच्या कपाळावर घाम आला होता. तो बोलला ते टेबलाकडे बघूनच. ‘मालक म्हणाले, कंपनीची गाडी आहे, अपघात आपल्या नावावर आला तर कंत्राट जाईल. तुझी नोकरीही जाईल. मी पिकअप मागे घेतली. वाटलं, बाई गेलीच आहे, तिचा विमाही आहे...’

‘आणि माझी गाडी?’ सेंगला म्हणाली. ती ओरडली नाही. ‘माझं नाव? ते काय झाडाला लागलं होतं, हात वर करून तोडायला?’

त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि खूप वेळ खाली घेतले नाहीत. सेंगलाने ते पाहिलं, मग नजर वळवली.

‘उन्रुआनपुढे जोड ते हात,’ ती म्हणाली. ‘पाय तिचा मोडलाय.’

पुढचं कागदांनी केलं. सरकारी वकिलाने सेंगलावर खटला भरायचं कारण नाही असं लिहून दिलं. ती थांबली, तिने मदत केली, आपला ठावठिकाणा पोलिसांना कळवायला सांगितलं आणि हॉस्पिटलच्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, म्हणून हे पळून जाणं होत नाही. वीरायुतवर निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा लागला. सगळी चूक आपल्या गाडीची, हे त्याच्या कंत्राटदाराच्या विमा कंपनीला मान्य करावं लागलं. उन्रुआनचा पाय, तिची मोटारसायकल, घरी बसून बुडालेले महिने आणि सेंगलाच्या बंपरचा ओरखडा, सगळं त्यांच्याकडे गेलं. सेंगलाच्या कंपनीकडूनही एक पत्र आलं. अटी मोडल्याचा मुद्दा आम्ही मागे घेत आहोत, असं त्यात होतं. विचितने ते पत्र स्वतः आणून दिलं आणि त्या दिवशी ठेचा दोनदा मागून घेतला.

लायसन परत देताना दारुनीने सेंगलाला समोर बसवलं. ‘आता तुम्ही सुटलात, म्हणून बोलते. तुमच्या गाडीत नऊ जण होते, मावशी. नऊ जणांकडे फोन. एकानेही मला फोन केला नाही. दुसऱ्याच्या भरवशावर निरोप ठेवलात, आणि त्यापायी पाच आठवडे गेले.’

सेंगला मान खाली घालून ऐकत होती. आयुष्यात फार कमी वेळा तिने कुणाचं असं ऐकून घेतलं असेल. ‘खरंय,’ ती म्हणाली. ‘तेवढं चुकलं.’ मग तिने खिशातून पेन काढून तळहातावर ठाण्याचा नंबर लिहून घेतला. ‘याचं स्टिकर मिळतं का?’

दारुनी पहिल्यांदाच मोकळेपणी हसली.

गाडी घ्यायला अख्खं गाव आलं असं वाटत होतं. नऊ प्रवासी होतेच, इन्सोन होता, बुन्सोम होता, आणि त्याच्या गाडीतून कुबडी टेकत उन्रुआन उतरली. तिला अजून नीट चालता येत नव्हतं. तिने सेंगलाचे दोन्ही हात धरले.  सेंगलाने तिला सरळ उचलल्यासारखं करून पुढच्या सीटवर बसवलं. ‘इथे बस. माझी उशी घेऊ नकोस तेवढी.’

इन्सोनने टपावरची पानं झाडली, मास्तरांनी काच पुसली, बुन्सोमने चाकात हवा भरली. सेंगलाने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. पाच आठवड्यांत बॅटरीने मान टाकली होती.

‘धक्का स्टार्ट!’ बुआफान ओरडली.

सगळे मागे जमले. भाजीवाल्यांनी पदर खोचावेत तसे लुगड्यांचे काठ वर खोचले. मास्तरांना सगळे नको नको म्हणत होते, पण त्यांनी पाठ लावलीच. हवालदार आला. दारुनीने एकदा दरवाज्याकडे पाहिलं, वरिष्ठ कुणी बघत नाहीत ना ते, आणि टोपी काढून पायरीवर ठेवली.

‘मी ढकलू शकत नाही,’ उन्रुआन खिडकीतून म्हणाली, ‘मी हॉर्न वाजवते.’

‘वाजव! जोरात वाजव!’

निळी गाडी आधी इंचभर हलली, मग हातभर, मग ठाण्याच्या उतारावर लागली. मागून बारा जणांच्या धापा, हसू आणि दारुनीचा आवाज येत होता, ‘मावशी, गिअर! आता गिअर टाका!’

सेंगलाने क्लच सोडला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि पेटलं. फाटकातून बाहेर पडताना तिने आरशात पाहिलं. सगळे हात वर करून ओरडत तिच्या मागे धावत होते. तिने गाडी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण घसा उघडून ओरडली.

‘चला गं, चढा! बाजार उठेल तोवर काय रस्त्यातच नाचताय?’